वहिनी, हात कुठे अडतो ते आधी पाहू

मिरज, सोमवार

ती. सौ. वहिनींस,


परवा फोनवर तुम्ही खांद्याचं सांगायला लागलात आणि दादाने मधेच फोन घेऊन मला एमआरआय कुठे स्वस्तात होईल ते विचारलं. तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून हे पत्र तुमच्या नावावर. दादाला वाचायला द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. एमआरआयचा भाग तेवढा मात्र त्याला जरूर दाखवा.

मला कळलं ते असं. उजवा खांदा, तीन महिने होत आले. कुठे पडला नाहीत, जड काही उचललं नाही. आधी त्या कुशीवर झोपवेना. मग ब्लाउजची मागची हुकं लागेनात. आता अंबाडा घालायला हात डोक्यामागे जात नाही आणि फळ्यावरची वरची ओळ तुम्ही वर्गातल्या उंच मुलीकडून लिहून घेता. डायबेटिस जुना. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्या चालू आहेत, मालिशवाल्या मावशी येतात, आणि दादा रोज एक नवा व्यायाम मोबाइलवर दाखवतो. एवढं सांगून तुम्ही म्हणालात, "पण तसं फार दुखत नाही हो, सहन होतं."

या शेवटच्या वाक्यासाठीच मी लिहायला बसले. खांद्याच्या बाबतीत किती दुखतं हा प्रश्न सगळ्यात कमी कामाचा आहे. कंडरेत कॅल्शियम साठून ते विरघळू लागलं की माणूस रातोरात असा कळवळतो की घरचे हबकतात. हात अंगापासून सुटा करवत नाही, शर्ट घालवत नाही. तरी ते दुखणं जिवावरचं नसतं आणि बहुतेकदा काही दिवसांत, फार तर आठवड्यांत उतरतं. उलट हृदयाकडून आलेलं दुखणं कधीकधी नुसतं जडपणासारखं, बोट ठेवून दाखवता न येणारं असतं. तेव्हा दुखण्याच्या जोरावरून काही ठरवू नका. दोनच गोष्टी बघा. हात हलवला की दुखणं बदलतं का? आणि हात नेमकं काय करेनासा झालाय?

हे का, ते कळायला सांधा थोडा समजून घ्यावा लागेल. शरीरातला सगळ्यात मोकळा सांधा हा. बशीत मोसंबं ठेवावं तसं दंडाच्या हाडाचं गोल डोकं एका उथळ खोबणीत टेकलेलं असतं. खोबण खोल नाही म्हणून हात सगळीकडे फिरतो, आणि खोल नाही म्हणूनच त्याला धरून ठेवायचं काम हाडांऐवजी मऊ भागांवर पडतं. आतून एक आवरण आणि त्यावर चार लहान स्नायूंच्या कंडरा. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. वर खांद्याच्या पात्याचं एक टोक छपरासारखं येतं आणि त्याखालच्या चिंचोळ्या फटीतून यातली एक कंडरा जाते. शिवाय पूर्ण हात वर नेताना सगळी हालचाल या एका सांध्यात होत नाही. १८० अंशांतले साधारण १२० अंश इथे आणि उरलेले ६० पाठीवरचं पातं सरकून मिळतात. सांधा आखडला की पातं जास्त सरकून त्याची भरपाई करतं. त्यामुळे हात बराच वर जातोय असं वाटत राहतं आणि दुखणं घरच्यांच्या नजरेला पडत नाही. आरशासमोर दोन्ही हात वर करून बघा, उजवा खांदा कानाकडे उचलला जाताना दिसेल.

आता दोन-तीन गोष्टी घरीच करून बघा. दादाला समोर उभा करा, तेवढाच त्याचा उपयोग.

दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा, मुठी समोर. कोपर न हलवता मुठी बाहेरच्या बाजूला उघडा. डावी मूठ छान बाहेर जाईल. उजवी थोडी जाऊन अडेल असा माझा अंदाज आहे. मग दादाला ती हलक्या हाताने आणखी बाहेर न्यायला सांगा, हलक्याच. त्याच्या हातानेही ती तिथेच अडली तर अडचण सांध्याच्या आवरणात किंवा हाडात आहे. तुमच्याने जात नाही पण दादाने नेली तर जाते, असं असेल तर आवरण ठीक आहे आणि कंडरेकडे बघायला हवं. खांद्याच्या तपासणीत इतकी साधी आणि इतकं सांगून जाणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही, आणि तिला एक रुपया लागत नाही.

मग हात बाजूने हळूहळू वर न्या. सुरुवातीला काही नाही, मधल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ६० ते १२० अंशांत, चमक आणि त्याच्या वर पुन्हा ठीक, असं असेल तर छपराखालची कंडरा कुरकुरतेय. पंखे पुसल्यावर, भिंती रंगवल्यावर, पापडांची वाळवणं घातल्यावर दुखतं ते बहुधा हे.

दुखणं कुठे आहे असं विचारल्यावर बोट कुठे जातं तेही बघा. खुद्द खांद्याच्या सांध्याचं दुखणं दंडाच्या बाहेरच्या बाजूला जाणवतं, कोपराच्या वर. माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी येणारे पुष्कळजण मात्र मानेपासून खांद्यापर्यंतच्या उतारावर हात ठेवतात, जिथे पदर किंवा पिशवीचा बंद येतो. ते बऱ्याचदा मानेचं असतं. मान वळवल्यावर कळ हातात उतरते, बोटांपर्यंत मुंग्या येतात, आणि गंमत म्हणजे हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं. दबलेल्या नसेला तेवढीच सवड मिळते. खांद्याच्या रोग्याला हात डोक्यावर ठेवायला सांगितलं तर तो ओरडेल.

आणि तुम्ही हात कसाही फिरवलात, कोणी फिरवला, तरी दुखण्यात काही फरकच पडत नाही असं झालं, तर दुखण्याचं मूळ बहुधा खांद्यात नाही. इथे जरा थांबते, कारण घाई करायची वेळ याच ठिकाणी येते.

छातीत दडपण, दम लागणं, घाम फुटणं, मळमळ, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ यांतलं काहीही खांदेदुखीच्या जोडीला आलं, किंवा जिना चढताना खांदा दुखतो आणि बसलं की थांबतो, असं झालं तर तो खांदा हृदयाचा आहे असं समजायचं. डावाच खांदा हवा असं नाही, उजवाही असू शकतो. जुना डायबेटिस असलेल्यांना छातीत दुखेलच याची खात्री नसते. बायकांनाही पुष्कळदा नुसता थकवा आणि धाप एवढंच कळतं. तुमच्यात या दोन्ही गोष्टी आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. अशा वेळी ओवा, आलेपाक, गॅसची गोळी, चोळणं, काही नाही. १०८ ला फोन. दम आणि घाम चालू असेल तर सकाळची वाट बघायची नाही. जिन्यावरचं, बसल्यावर थांबणारं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ईसीजी.

पोटातलं दुखणंही खांद्यावर येतं. श्वासपटलाला जाणारी नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या टोकावरच्या कातडीची संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचते. म्हणून पित्ताशयाला सूज आली की उजव्या खांद्याच्या टोकाला किंवा पात्याखाली दुखतं, विशेषतः तेलकट जेवणानंतर. तुमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिकांपैकी कुणाची पाळी चुकलेली असेल, ओटीपोटात दुखत असेल, भोवळ येत असेल आणि खांद्याचं टोक दुखायला लागलं, तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. तिला आडवी करून चहा पाजत बसू नका, थेट दवाखाना.

तंबाखू-विडीवाल्या माणसाचा खांदा महिनोन्‌महिने दुखतो, रात्री जास्त, त्या हाताचा पंजा बारीक होत जातो, त्या बाजूची पापणी थोडी उतरते. हे फुफ्फुसाच्या वरच्या टोकावरच्या गाठीचं चित्र आहे. क्वचितच दिसतं. पण जिथे दिसतं तिथे आधी भरपूर मालिश झालेली असते. वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, खांद्यावर वाढणारी गाठ, रोज संध्याकाळचा कणकण ताप हेही याच पंगतीतलं. आपल्याकडे खांद्याचा क्षयही होतो आणि तो आखडलेल्या खांद्याच्या वेशात येतो, हे विसरून चालत नाही.

सांधा गरम, सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सांध्यात पू झाला तर कूर्चा दिवसांत खराब होते, आणि साखरवाल्यांना हा धोका जास्त.

पडल्यानंतरचं गणित वेगळं. पडल्यावर खांद्याची गोलाई गेली, हात एका विचित्र ठेवणीत अडकला, तर सांधा निखळलाय. हाडवैद्याकडे जाऊन एका झटक्यात बसवून घ्यायचा मोह गावाकडे अजून आहे. एक्स-रेआधी कुणालाही हात ओढू देऊ नये. हाड मोडलेलंही असू शकतं आणि काखेतून जाणारी नस ताणली तर दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना जाते. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळतो. तो वरून फारसा वेडावाकडा दिसत नाही आणि नुसता आखडलाय असं समजून राहून जातो. पन्नाशी-साठीच्या माणसाने पडल्यावर हात उचलणंच बंद केलं, आणि एक्स-रेत हाड ठीक निघालं, तर घरचे म्हणतात, "चला, मोडलं नाही." कंडरा तुटलेली असू शकते, ती साध्या एक्स-रेत दिसत नाही. अशा माणसाने महिनाभर मलम लावत बसू नये, आठवड्याच्या आत हाडांच्या डॉक्टरला दाखवावं. ताजी तुटलेली कंडरा शिवता येते. उशीर झाला की ती मागे सरकते आणि तिच्या स्नायूत चरबी भरत जाते.

यातलं काहीच नसलेला साधा दुखरा खांदा दोन-तीन आठवडे घरी सांभाळायला हरकत नाही. त्यात उतार पडला नाही तर दाखवायचं. तुमच्याबाबतीत ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे.

तर आता तुमच्या खांद्याकडे. न बघता निदान करू नये हे मला ठाऊक आहे, पण सगळ्या खुणा एका दिशेने जातात: फ्रोजन शोल्डर, म्हणजे आपल्याकडे ज्याला खांदा जखडला म्हणतात. हे नाव अर्नेस्ट कॉडमन नावाच्या बोस्टनच्या सर्जनने १९३४ साली दिलं. त्याच्या आधी १८७२ मध्ये फ्रान्सच्या द्युप्लेने असे खांदे वर्णन केले होते. आवरण सुजतं, जाड होतं आणि आक्रसतं हे १९४५ मध्ये नेव्हियासरने दाखवलं. का होतं, याचा पुरता उलगडा अजून झालेला नाही. चाळिशी ते साठीत, बायकांना जास्त, थायरॉइडच्या तक्रारीत जास्त आणि डायबेटिसमध्ये तर कितीतरी जास्त. कधी कधी आखडलेल्या खांद्यामुळेच माणसाला आपली साखर वाढल्याचं पहिल्यांदा कळतं. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं आवरणातल्या तंतूंना चिकटून त्यांना ताठर करते असा समज आहे. तुमच्या उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी वाकलेलं अडकतं आणि टक्‌ आवाज होऊन सुटतं, असं तुम्ही गेल्या दिवाळीत म्हणाला होतात. ते याच कुळातलं. डॉक्टरांना दोन्ही एकत्र सांगा, वेगवेगळी नाही.

या दुखण्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं फार, विशेषतः रात्री, आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. हे दोन ते नऊ महिने चालू शकतं. दुसऱ्यात दुखणं ओसरतं पण हात अडकलेलाच. तिसऱ्यात तो सुटत जातो. एकूण एक ते तीन वर्षं. हे आकडे वाचून घाबरू नका, सगळा काळ सारखा वाईट नसतो. पण "आपोआप बरं होतं" असं जे सांगतात तेही पुरतं खरं नाही. बहुतेकांचा हात कामापुरता मोकळा होतो, काहींना थोडी अडचण कायमची राहते, आणि साखर बेताल असलेल्यांची गाडी हळू जाते. त्याच खांद्याला हे पुन्हा सहसा होत नाही. दुसऱ्याला मात्र होऊ शकतं. डाव्यालाही लक्षात ठेवा.

कॉडमनबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. प्रत्येक रोग्याची वर्षभराने पुन्हा चौकशी करावी, उपचाराने खरंच गुण आला का ते नोंदावं आणि ते जाहीर करावं असा त्याचा हट्ट होता. त्यापायी तो आपल्याच हॉस्पिटलातल्या बड्या मंडळींना नकोसा झाला. खांद्याच्या उपचारांत त्याचा तो हट्ट अजून कामाचा आहे, कारण इथे काळ पुष्कळ काम करतो आणि श्रेय दुसराच घेतो. मालिश, मॅग्नेटचा पट्टा, अमुक तेल, तमुक काढा; दीड वर्षाने हात सुटतो तेव्हा जे शेवटचं चालू असतं त्याला गुण लागल्याचं मानतात.

मालिशवाल्या मावशींना काढून टाकू नका, त्यांना यायला बरं वाटतं आणि तुम्हालाही. कोमट तेलाचा हलका हात मानेवर, पाठीवर, पात्याच्या कडेने फिरू दे. पण "बाई, जरा सोसा, आज मोकळा करूनच जाते" असं म्हणून त्या हात ओढत असतील तर ते आजपासून बंद. दुखऱ्या टप्प्यात जबरदस्तीने आवरण आणखी चिडतं. हे माझं मत नाही. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून पाहिलं गेलं. दुखण्याच्या मर्यादेत बेताने हालचाल ठेवणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा चांगला झाला, आणि दुखण्यापलीकडे ताणून जोरदार व्यायाम घेतलेल्यांपैकी ६३ टक्क्यांचाच. माझ्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला फारसं आवडत नाही. शिवाय पन्नाशीपुढे हाडं ठिसूळ व्हायला लागतात, जोरात पिळलेला हात मोडूही शकतो.

मेडिकलवाल्याच्या गोळ्यांचा मला जास्त राग आहे. पाकिटामागे बघा, डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक लिहिलेलं असेल. चार-आठ दिवस डॉक्टरच्या सल्ल्याने घेणं वेगळं आणि तीन महिने चहासारखं घेणं वेगळं. तुमचा डायबेटिस जुना आणि ब्लडप्रेशरची गोळीही चालू. मूत्रपिंडावर आधीच भार आहे, त्यात ही भर. पोटात व्रण होतो, रक्तदाब वाढतो. आज-उद्या डॉक्टरकडे जाल तेव्हा सगळी पाकिटं घेऊन जा आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. तोवर फारच दुखलं तर त्यांना विचारून पॅरासिटामॉल.

इंजेक्शनची तुम्हाला भीती आहे, तीही बोलून टाकू. दुखऱ्या टप्प्यात सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, हे रात्रीचं दुखणं कमी करायला आपल्या हाताशी असलेल्या चांगल्या गोष्टींपैकी आहे. दुखणं कमी झालं की व्यायाम सोसतो, असा त्याचा खरा फायदा. जितकं लवकर तितका उपयोग, म्हणून वर्षभर सोसून मग जाण्यात शहाणपण नाही. पण तुमची साखर त्याने काही दिवस, क्वचित आठवडाभर, चांगलीच चढेल. साखरेच्या डॉक्टरांना आधी कळवा, घरच्या मशीनवर रोज मोजा आणि चढली तर काय करायचं ते त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या. साखर आत्ता फारच वर असेल तर ती उतरेपर्यंत ते थांबवतील. दर महिन्याला एक इंजेक्शन असं मात्र कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा.

आणि आता दादाचा एमआरआय. फ्रोजन शोल्डर हाताने तपासून कळतो. एक्स-रे मात्र हवा, संधिवात नाही, कॅल्शियम नाही, सांधा जागेवर आहे एवढं बघण्यासाठी. कंडरेची शंका असेल तर जाणत्या माणसाने केलेली सोनोग्राफी पुष्कळ सांगते. साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या कंडरेत चिरा असतात आणि त्यांचा खांदा ठणठणीत असतो. सरसकट एमआरआय केला की त्या चिरा रिपोर्टात येतात, माणूस धसका घेतो, आणि मग ऑपरेशनची गोष्ट निघते. त्याबद्दल सांगायचं तर, छपराखालची फट दुर्बिणीने रुंद करण्याचं ऑपरेशन फार लोकप्रिय होतं. ब्रिटनमध्ये काही रुग्णांचं ते ऑपरेशन केलं, काहींची नुसती दुर्बीण घालून पाहणी केली, आणि कुणाचं काय केलं ते त्यांना सांगितलं नाही. २०१८ साली निकाल आले, दोन्ही गटांत फरक पडेल इतकं अंतर निघालं नाही. आखडलेल्या खांद्याचं म्हणाल तर तिथल्याच ५०३ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत, २०२० मधल्या, इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीने आवरण कापणं या तिघांत वर्षअखेर कुणी ठळकपणे सरस ठरलं नाही. ऑपरेशन वाईट असं मी म्हणत नाही. तुटलेल्या कंडरेला, सारख्या निखळणाऱ्या तरुण खांद्याला त्याची गरज पडते. काही महिने सगळं नीट करूनही हात हललाच नाही तर आखडलेल्याचाही विचार करता येतो. पण सुरुवात तिथून नको, आणि आधी एमआरआय तर नकोच.

तपासणी होईपर्यंत एवढं करायला हरकत नाही. डावा हात स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवून कमरेत वाकायचं, उजवा हात सैल खाली सोडायचा आणि अंग हलकेच डोलवायचं म्हणजे हात आपोआप लहान गोल फिरतो. हात स्वतः फिरवायचा नाही, सगळी मजा त्यातच आहे. मिनिट-दीड मिनिट, दिवसातून तीन-चार वेळा. हा व्यायामही कॉडमनचाच. दुसरा, उताणं पडून कोपर अंगाशी ठेवायचं, दोन्ही हातांत लाटणं आडवं धरायचं आणि डाव्या हाताने ते उजवीकडे ढकलायचं, अडेल तिथे थोडं थांबून परत. ताण जाणवला तर चालेल. व्यायामानंतर दुखणं रात्रीपर्यंत रेंगाळलं किंवा दुसऱ्या सकाळी वाढलेलं असलं तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. टॉवेल पाठीमागे धरून वर ओढायचा जो व्हिडिओ दादाने दाखवला तो आत्ता नको, तो शेवटच्या टप्प्यातला आहे. हात गळ्यात अडकवून ठेवू नका, त्याने आणखी आखडतो. शेक घ्या, पण पिशवीची उष्णता आधी डाव्या हाताने बघा आणि मध्ये टॉवेल ठेवा. साखरेने संवेदना कमी झालेली असली तर भाजलेलं कळत नाही.

झोपताना उताणं, उजव्या दंडाखाली उशी, म्हणजे कोपर गादीकडे मागे लोंबकळत नाही. किंवा डाव्या कुशीवर, पोटाशी एक उशी कवटाळून तिच्यावर उजवा हात. फळ्याच्या वरच्या ओळी त्या मुलीलाच लिहू दे. तिचं अक्षर सुधारेल. रोजच्या डब्यातले जिन्नस वरच्या फडताळातून कमरेच्या उंचीवर आणा. एसटीत दांडीला लोंबकळून जाण्यापेक्षा पुढची गाडी पकडा. ब्रेक लागला की सगळा हिसका खांद्यावर येतो.

या आठवड्यातच जा. उपजिल्हा रुग्णालयात हाडांच्या ओपीडीचा वार विचारून घ्या, खाजगीतच जायचं असेल तर तसं. जाताना गेल्या तीन महिन्यांतला एचबीएवनसीचा रिपोर्ट न्या, नसेल तर करून घ्या, सोबत थायरॉइडसाठी टीएसएच. कधी सुरू झालं, रात्री उठावं लागतं का, कोणती कामं बंद पडली ते कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर तुम्ही पुन्हा "सहन होतं" म्हणाल. डॉक्टरांनी हात स्वतः धरून फिरवून बघितला नाही आणि थेट चिठ्ठीच लिहायला घेतली तर म्हणा, "माझा हात बाहेरच्या बाजूला किती जातो ते बघता का?" यात उद्धटपणा काही नाही. फिजिओथेरपी सुरू झाली की पहिल्या दिवशी हे माप अंशांत लिहून घ्यायला सांगा आणि सहा आठवड्यांनी पुन्हा. माप हलत असेल तर दुखलं तरी आपण बरोबर चाललोय. माप तिथेच आणि दुखणं वाढतंय असं असेल तर परत डॉक्टरकडे, थेरपिस्ट बदलून नाही.

आणि जाताना पुढे हुकं असलेला, सैल बाहीचा ब्लाउज घाला. तपासणीला खांदा मागून-पुढून दिसावा लागतो, आणि काढता-घालताना तुमचाच जीव मेटाकुटीला येणार नाही. तसा नसला तर तुमच्या शिंपिणीकडून दोन शिवून घ्या, वर्षभर लागतील.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
शैला